बैलाला लस टोचली, बापाचे काय?

वैशाख सरत आला, राब भाजून झाला की आपल्या महाड-पोलादपूर भागात गोठ्यांपुढे एक ठरलेले काम सुरू होते. पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस बर्फाची पेटी घेऊन वाडीवर येतो, गुरे दाव्याला धरली जातात आणि एकेका जनावराला घटसर्प-फऱ्याची लस टोचली जाते. पाऊस पडला की हे रोग उठतात आणि संध्याकाळी रवंथ करणारा बैल सकाळी आडवा दिसतो, हे शेतकऱ्याला वाडवडिलांपासून ठाऊक आहे. म्हणून तो मृगाची वाट पाहत बसत नाही. घटसर्प आणि फऱ्या या दोन्ही रोगांची लस एकत्र मिळते, एकाच सुईत दिली जाते. तरी "दोन रोगांचे औषध एकदम कसे काय?" असे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा तर दवाखान्याचा माणूस यायच्या आधी शेतकरीच त्याला शोधत फिरत होता.

त्याच अंगणात, पडवीच्या कोपऱ्याला, सत्तरी ओलांडलेला बाप खोकत बसलेला असतो. शेजारी आई. तिला साखरेचा आजार, त्यांना रक्तदाब. पावसाळ्यात दोघांनाही हटकून ताप येतो, छाती भरते आणि मग भर पावसात रिक्षा किंवा जीप करून त्यांना महाडला आणावे लागते. बैलाची लस पावसाआधी टोचली जाते, बापाचा आजार मात्र पाऊस पडल्यावर आठवतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आपण किती वर्षे करणार, हा आजचा सवाल आहे. दुसरा सवाल त्याहून व्यवहाराचा आहे. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यापर्यंत आणण्याची खेप एकदा घडते, पुन्हा घडेल की नाही ते सांगता येत नाही. मग त्या एकाच खेपेत त्याला लागू असलेल्या सगळ्या लसी का देऊ नयेत?

आमचे म्हणणे सरळ आहे. द्याव्यात. शास्त्राची त्याला हरकत नाही, व्यवहाराची तर मुळीच नाही.

हंगाम ओळखा

फ्लू म्हणजे साधी सर्दी, दोन दिवसांत जाते, असा आपला समज असतो. तरुण माणसाच्या बाबतीत तो बहुधा खराही ठरतो. साठीपुढच्या माणसाचे, त्यातही मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्याचे तसे नाही. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, ही म्हण जणू त्यांच्याचसाठी झाली आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातील एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. फ्लू झाल्याचे तपासणीत ठरल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीपेक्षा साधारण सहापट आढळले. म्हणजे "तापाने गेला" आणि "हार्टने गेला" असे आपण जे दोन वेगळे मृत्यू समजतो, त्यांचे मूळ कधी कधी एकच असते.

दुसरी गोष्ट न्यूमोनियाची. फ्लूच्या विषाणूने घशापासून फुप्फुसापर्यंतचे आतले अस्तर सोलले जाते आणि त्या उघड्या जागेत न्यूमोकोकस नावाचा जिवाणू शिरतो. बांध फुटला की शेजारच्या ओढ्याचे पाणी शेतात शिरावे, तसे. १९१८ साली मुंबई बंदरातून फ्लूची साथ देशात शिरली. त्या वर्षी पाऊसही रुसला होता. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्या साथीत जगभर जे बळी गेले, त्यांतले बहुसंख्य फ्लूमागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने गेले, असे पुढे शास्त्रज्ञांनी जुने नमुने तपासून सांगितले. तेव्हा फ्लूची लसही नव्हती आणि जंतुनाशक औषधेही नव्हती. आज दोन्ही आहेत. म्हणून फ्लू आणि न्यूमोनिया या दोन लसी एकमेकींच्या जोडीने घेण्यात अर्थ आहे. एक बांध घालते, दुसरी ओढा अडवते.

आपल्या देशात फ्लू वर्षातून दोनदा डोके वर काढतो. एकदा पावसाळ्यात आणि एकदा थंडी सरताना, जानेवारी ते मार्चच्या सुमारास. महाराष्ट्रात पावसाळ्याचा जोर मोठा. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो ऐन पावसाळाच होता. आपल्या भागाला याच दिवसांत आणखी एक जोड मिळते, ती गणपतीची. मुंबई, ठाणे, सुरतेहून चाकरमानी भरगच्च गाड्यांतून गावी येतात. मुले-नातवंडे आजी-आजोबांच्या मांडीवर बसतात, आरतीला घर भरते. हे व्हायलाच हवे, त्यात कोकणाचा जीव आहे. पण शहराची सर्दी त्याच गाडीने येते हेही खरे.

लस टोचल्यावर अंगात तिचे बळ यायला साधारण दोन आठवडे लागतात. फ्लूचा विषाणू दर वर्षी रूप बदलतो, म्हणून फ्लूची लसही दर वर्षी नव्याने बनते आणि दर वर्षी घ्यावी लागते. पावसाळ्याच्या उपयोगाची, दक्षिण गोलार्धासाठीची नवी लस साधारण एप्रिल-मेच्या सुमारास येते. डबीवर साल लिहिलेले असते, ते वाचून घ्यावे. यावरून हिशोब आपसूक लागतो. रोहिणी निघायच्या सुमारास लस दंडात गेली पाहिजे, म्हणजे आवणीच्या चिखलात उतरण्याआधी अंग तयार होते. न्यूमोनियाच्या लशीला हंगाम नाही आणि ती दर वर्षी लागतही नाही. ती कधीही चालते, म्हणून फ्लूच्या खेपेतच उरकून घेणे शहाणपणाचे.

खेप महाग आहे

आता व्यवहार पाहू. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीतली म्हातारी धरा. वाडीतून डांबरी रस्त्यावर यायला अर्धा-पाऊण तास चाल. मग एस.टी.ची वाट पाहायची. तिकिटाचा प्रश्न आता उरलेला नाही. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. परंतु म्हातारी एकटी जात नाही. तिच्याबरोबर सून किंवा मुलगा लागतो आणि त्याचा दिवस बुडतो. मे महिन्यात तो दिवस काढता येतो. "एक लस आज घ्या, दुसरीला महिन्याने या" असे सांगितले तर तो महिना कोणता येतो? आषाढाचा. घरात माणसे आवणाला जुंपलेली, ओढ्याला पाणी आणि घाटात दरड. २२ जुलै २०२१ ला काय झाले ते आपण विसरलेलो नाही. महाड शहर पाण्याखाली गेले, तळियेवर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. असा जुलै दर वर्षी येत नाही, पण घाटातला रस्ता चार दिवस बंद, हे दर वर्षीचेच आहे.

म्हणजे "महिन्याने या" याचा आपल्याकडचा खरा अर्थ "येऊ नका" असाच होतो. दुसरी लस राहून जाते ती राहतेच. पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात. लस स्वस्त की महाग, हा पुढचा प्रश्न. आपल्या भागात सर्वांत महाग आहे ती खेप.

"मी काय चाळणी हाय?"

उपकेंद्रावर कोणत्याही लसीकरणाच्या दिवशी थोडा वेळ बसले तर पुढचे बोलणे कानावर पडेलच.

"बाय गो, दोन सुया एकदम? मी काय चाळणी हाय?"

"आजी, एक या दंडात, एक त्या दंडात. हातच दोन दिलेत देवाने."

"म्हातारं अंग माजं. झेपंल का?"

"आजी, मागच्या बुधवारी नातवाला कोण घेऊन आलं होतं? त्याला किती टोचल्या?"

आजी गप्प होते. कारण नातवाला तीच घेऊन आलेली असते.

सिस्टरने आजीला दिलेले हे उत्तर कोणत्याही पुस्तकातल्या उत्तरापेक्षा भारी आहे. आज आपल्या सरकारी वेळापत्रकाप्रमाणे दीड महिन्याच्या बाळाला एकाच बैठकीत काय काय मिळते ते पाहा. एका मांडीत पेंटाव्हॅलंट. ती एकटीच पाच रोगांची असते : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. दुसऱ्या मांडीत न्यूमोनियाची लस. दंडात पोलिओचे छोटे इंजेक्शन. तोंडात पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसचा डोस. तीन सुया आणि दोन तोंडी डोस, तेही चार-साडेचार किलोच्या जिवाला. बाळ रडते, रात्री जरा अंग तापते, दुसऱ्या दिवशी खेळते. लाखो बाळे यातून जातात. मग त्याच घरातल्या साठ किलोच्या आजोबांना दोन सुया झेपणार नाहीत, हे कोणत्या हिशोबात बसते?

शरीराची रोगाशी लढायची ताकद ही काही घागरीतले पाणी नव्हे, की एका लशीने अर्धे संपले आणि दुसरीला उरले नाही. आपण शेणात-मातीत, गोठ्यात-बाजारात वावरतो तेव्हा शरीर रोज शेकडो जंतूंची ओळख एकाच वेळी करून घेत असते. त्यापुढे दोन लसी म्हणजे काहीच नव्हे. भाताच्या बांधावर आपण तूर लावतो, तेव्हा एकच पाऊस दोघांना पुरतो.

शास्त्र काय सांगते

मनात शंका राहण्याला एक खरे कारणही आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. १६ जानेवारी २०२१ ला देशात कोविडचे लसीकरण सुरू झाले आणि १ मार्चपासून साठीपुढच्यांची पाळी आली. त्या वेळी केंद्र सरकारच्या सूचनांत स्पष्ट म्हटले होते की, कोविडची लस आणि दुसरी कोणतीही लस यांत निदान चौदा दिवसांचे अंतर ठेवावे. लोकांनी ते पाळले आणि मनात पक्के धरले : दोन लसी एकत्र म्हणजे धोका. वास्तविक ते अंतर धोका दिसला म्हणून ठेवलेले नव्हते. लस नवी होती. कोणाला काही त्रास झालाच तर तो कोणत्या लशीचा ते कळावे, एवढाच हेतू होता. नवे बियाणे पहिल्या वर्षी वेगळ्या तुकड्यात लावून पाहतात, त्यातलाच हा भाग.

पुढे अनुभव आला. ब्रिटनमध्ये ६७९ प्रौढांवर एक चाचणी झाली आणि ती २०२१ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली. कोविडच्या दुसऱ्या डोसाच्या दिवशीच काहींना दुसऱ्या दंडात फ्लूची लस दिली, काहींना नुसते मिठाचे पाणी टोचले. त्यांच्यापैकी अनेकांची कोविडची लस म्हणजे आपण घेतलेल्या कोविशील्डचीच मूळ लस होती. दुखणे, थकवा, डोकेदुखी ही दोन्ही गटांत बहुतेक सौम्य ते मध्यम होती आणि दोन्ही लशींचे काम नीट झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेनेही फ्लू आणि कोविडची लस एका वेळी द्यायला हरकत नाही, असे सांगितले. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींची जोडी तर त्याच्या कितीतरी आधीपासून जगभर एका बैठकीत दिली जाते. आज कोविडची मोहीम पहिल्यासारखी उरलेली नाही. चौदा दिवसांची ती भीती मात्र लोकांच्या मनात अजून मुक्कामाला आहे. ती काढण्याचे काम डॉक्टर, सिस्टर आणि आशाताईंनी करायचे आहे.

खरे ते सगळे सांगायला हवे. दोन लसी एकदम घेतल्यावर त्या रात्री अंगदुखी, थकवा किंवा ताप एका लशीपेक्षा किंचित जास्त जाणवू शकतो. दंड एक-दोन दिवस दुखतो. म्हणून ज्या दिवशी लस घ्यायची त्याच्या दुसऱ्या दिवशी नांगर धरायचे किंवा लाकडाची मोळी आणायचे काम ठेवू नये. आणि फ्लूची लस म्हणजे अभेद्य कवच असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. लस आणि त्या वर्षीचा विषाणू नीट जुळला तर दवाखाना गाठावा लागेल इतक्या फ्लूपासून साधारण निम्म्याच्या आसपास बचाव होतो, म्हाताऱ्या माणसांत त्याहून कमी. पण आपण पीकविमा काढतो तो गारपीट थांबावी म्हणून काढत नाही. ताप आला तरी तो छातीत उतरू नये, दवाखान्यात खाट लागू नये, हा लशीचा मोठा फायदा आहे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. दोन लसी एका सिरिंजमध्ये कधीही मिसळायच्या नाहीत. त्या दोन दंडांत द्याव्यात, एकाच दंडात द्यायची वेळ आली तर निदान एक इंच अंतर सोडावे. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. त्या दिवशी जोराचा ताप असेल तर लस पुढे ढकलावी. पूर्वी एखाद्या लशीने अंगावर गांधी उठून धाप लागली असेल, फ्लूच्या लशीनंतर हातपाय लुळे पडण्याचा आजार झाला असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते सुई टोचण्याआधी डॉक्टरांना सांगावे. न्यूमोनियाच्या लशी एकाहून अधिक प्रकारच्या आहेत. त्या आपापसात एकाच दिवशी घेत नाहीत, कोणती आधी आणि कोणती नंतर हे डॉक्टर ठरवतील. जिवंत जंतूंपासून केलेल्या लशींचे नियम वेगळे असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे : कोणती लस, कोणत्या तारखेला, हे एका कार्डावर लिहून घ्यावे. बाळाचे कार्ड आपण देवघरात जपून ठेवतो. आजोबांचे कार्ड म्हणून काही असते हेच आपल्याला ठाऊक नाही.

कोयता लागला, गंजका खिळा रुतला म्हणून शेतकरी दवाखान्यात जातो आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन येतो. तो साठीपुढचा असेल आणि दिवस मे महिन्याचे असतील, तर फ्लूची लस त्याच वेळी दुसऱ्या दंडात देता येते. "आता आलाच आहात तर" एवढे चार शब्द डॉक्टरांनी उच्चारले तरी एक खेप वाचते.

ठराव कागदावर, पाणी तळ्यात

आता सरकारकडे वळू. लहान मुले आणि गरोदर माता यांचे लसीकरण आपल्या देशाने चांगले उभे केले आहे. देवीचा रोग गेला, त्याची खूण आजही साठीपुढच्या प्रत्येक माणसाच्या दंडावर वणाच्या रूपाने आहे. पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण २०११ सालचा. परंतु त्याच देवीच्या वणावाल्या पिढीसाठी राष्ट्रीय वेळापत्रकात फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गरोदर माता आणि मधुमेह, रक्तदाबाचे रुग्ण यांना फ्लूची लस मोफत देण्याचे पाऊल उचलले, ते अभिनंदनीय आहे. मात्र ही सोय आहे हे वाडीवरच्या किती म्हाताऱ्यांना माहीत आहे? आणि मागायला गेल्यावर साठा असतो का? खाजगीत घ्यायची तर फ्लूच्या एका लशीला हजार-दोन हजार रुपये पडतात आणि न्यूमोनियाच्या नव्या लशीला त्याहून बरेच जास्त. जोडप्याचे मिळून होणारे पैसे भाताच्या किती गोण्या विकून उभे राहतात, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

इथे एक विसंगती डोळ्यांत भरते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेखाली पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे कार्ड मिळू लागले. योजना मोठी आहे, तिचे स्वागतच आहे. पण ते कार्ड माणूस खाटेवर पडल्यावर चालते. न्यूमोनिया होऊन तो रुग्णालयात दाखल झाला तर सरकार लाखाचे बिल भरायला तयार आहे आणि तो होऊ नये म्हणूनची सुई त्याने आपल्या खिशातून घ्यायची! हा हिशोब गावच्या दुकानदारालाही पटणार नाही.

महाडकरांना कागद आणि वस्तुस्थिती यांतले अंतर शिकवावे लागत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाले, पाणी मात्र ज्यांच्यासाठी ते खुले केले त्यांच्या ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. त्या लढ्याची थोरवी वेगळी, तिची बरोबरी कशाशी करण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या गावाच्या मध्यभागी ते तळे आहे, त्या गावाने एवढा धडा तरी घ्यावा की, सोय "आहे" म्हणणे आणि ती शेवटच्या माणसाच्या हाती पडणे यांत मोठी वाट असते आणि ती कोणीतरी चालावी लागते.

आरोग्याच्या क्षेत्रातही ही वाट चालल्याचे उदाहरण याच तालुक्यात आहे. विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी किती माणसे जात, ते जुन्यांना विचारा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून कामाला सुरुवात केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्याच रुग्णांच्या उशाशी बसून अभ्यास केला. रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी गोळी विंचूदंशावर कशी गुणकारी ठरते, ते त्यांनी जगाला दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचे मर्म असे की, इलाज मोठ्या शहरात असून भागत नाही, रुग्ण जिथे पहिल्यांदा पोचतो तिथे तो असावा लागतो. म्हाताऱ्यांच्या लशींनाही हेच लागू आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे

सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक मंडळींना हात जोडून सांगणे आहे. यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

१ मेची ग्रामसभा दर वर्षी होते. पावसाआधीची हीच योग्य वेळ. त्या सभेपुढे साठीपुढच्यांच्या लसीकरणाचा विषय ठेवा. नव्याने यादी करायची गरज नाही. तीस वर्षांवरील लोकांची रक्तदाब-मधुमेहाची नोंद आशाताईंकडे आहेच, त्यातून साठीपुढचे आणि जुने आजार असलेले वेगळे काढले की यादी तयार होते. ती यादी ठरावासह प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, म्हणजे किती लसी मागवायच्या हे त्यांना नेमके कळेल. "लोक येत नाहीत म्हणून लस मागवत नाही आणि लस नाही म्हणून लोक येत नाहीत" हे चऱ्हाट तिथे तुटते.

पुढचे काम दिवस ठरवण्याचे. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या न्यायला म्हातारी माणसे दर महिन्याला उपकेंद्रावर येतातच. मे महिन्यातला तो गोळ्यांचा दिवस हाच लशीचा दिवस करा. गोळ्या, रक्तदाबाची तपासणी, एका दंडात फ्लू, दुसऱ्या दंडात न्यूमोनिया आणि कार्डावर नोंद. एक खेप, एक यादी, एक कार्ड. डोंगरी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. म्हणजे एका आरोग्य सेविकेकडे कितीतरी वाड्या येतात. तिलाही बर्फाची पेटी दोनदा डोंगर चढवून नेण्यापेक्षा एकदाच नेणे सोयीचे आहे. दोन ते आठ अंशांत लस जपायची आणि वीज जायची, हे दुखणे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पैशाचे म्हणाल तर सरकारी साठा अपुरा पडेल तिथे वाट काढता येते. महाड औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याचा नियम लागू होतो, त्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. त्यांच्याकडे दर वर्षी वह्या-दप्तरे आणि बाकडी मागितली जातात. एका वर्षी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांसाठी न्यूमोनियाच्या लसी मागून पाहाव्यात. मुंबईकर मंडळी आणि ग्रामस्थ मंडळे सप्त्याला आणि देवळाच्या कळसाला सढळ हाताने वर्गणी देतात. त्यांनी मेच्या सुट्टीत गावी आल्यावर आपल्याच आई-बापांची एक खेप उचलली, तर पुण्याचे पुण्य आणि कामाचे काम.

उपकेंद्र लांब असलेल्या वाड्यांसाठी शाळेच्या पडवीत एका सकाळी शिबिर घ्यावे. जे खाटेवरून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जावे. कोविडच्या वेळी घरी जाऊन लस टोचल्याची उदाहरणे आपण पाहिली आहेत. तेव्हा जमले ते आता का जमू नये?

शेतकरी बंधूंना शेवटी एवढेच सांगायचे आहे. या मे महिन्यात पशुवैद्यकीय दवाखान्याची पेटी तुमच्या गोठ्यापाशी येईल. गुरांना जरूर लस टोचून घ्या. मग हातपाय धुऊन पडवीत या आणि आई-वडिलांना विचारा, "यंदा तुमची झाली का?" झाली नसेल तर त्यांना घेऊन उपकेंद्र गाठा आणि तिथे गेल्यावर सिस्टरला आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका : "आज आलोच आहोत, आणखी कोणती लस द्यायची राहिली आहे?" पाऊस थांबणार नाही आणि घाटातली दरड विचारून कोसळणार नाही. आपल्या हातात एक खेप आहे, ती पुरी वसूल करावी.